कॅला लिलीचे कंद थंडीत उकरून ठेवायचे असतात का? सोलापुरात याचं उत्तर उलटं आहे

नोव्हेंबर लागला की बागकामाच्या परदेशी व्हिडिओंमध्ये एकच धांदल सुरू होते. कॅला लिली, डेलिया, ग्लॅडिओलस, जे जे कंदातून उगवतं ते सगळं जमिनीतून उकरायचं, माती झटकायची, खोक्यात भरायचं आणि तळघरात ठेवून द्यायचं. कंदाच्या पाकिटामागेही बऱ्याचदा हीच सूचना छापलेली असते: थंडी पडायच्या आत कंद काढून घ्या.

सोलापुरात नोव्हेंबरमध्ये काय चाललेलं असतं? परतीचा पाऊस नुकताच संपलेला असतो, दुपारचं ऊन सोसण्याजोगं झालेलं असतं आणि वर्षभरात पहिल्यांदाच कुंडीतल्या झाडांना बरं वाटायला लागलेलं असतं. नेमक्या याच वेळी पाकिटावर विश्वास ठेवून कॅलाचा कंद उकरला, तर त्याचा वाढीचा सगळ्यात चांगला हंगाम खोक्यात जातो. मग मार्च-एप्रिलमध्ये, पुन्हा पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे, तो बाहेर काढून लावला जातो आणि मे महिन्याच्या उन्हात भाजून निघतो. कंद स्वस्त नसतात. दोन वर्षं असं झालं की लोक म्हणतात, आपल्याकडे हे झाड येतच नाही.

येतं. फक्त त्याची झोप आपल्याकडे वेगळ्या महिन्यांत लावून द्यावी लागते.

अळू-सुरणाची भावकी

नावात लिली असली तरी कॅला ही खरी लिली नाही. तिचं शास्त्रीय नाव झांटेडेस्किया आणि कुळ सुरणाचं. म्हणजे अळू, सुरण, पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात बाजारात येणारी शेवळं ही सगळी तिची भावकी. पान नीट पाहिलं तर अळूची आठवण होतेच. ज्याला आपण फूल म्हणतो ते खरं तर एक रंगीत, नरसाळ्यासारखं वळलेलं पान असतं. खरी फुलं अगदी बारीक असतात आणि मधल्या पिवळ्या दांड्यावर दाटीवाटीने चिकटलेली असतात.

भावकी सांगण्याचं कारण दुसरंही आहे. अळूने घशाला खाज सुटते म्हणून फतफत्यात चिंच पडते. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते आणि तेच स्फटिक कॅलाच्या पानांत, देठांत, कंदातही असतात. अळू शिजवून खाता येतं, कॅला मात्र कुठल्याही रूपात खाण्याची गोष्ट नाही. कंद सुरणासारखा दिसतो म्हणून स्वयंपाकघरात ठेवू नये. लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं घरात असेल तर कुंडी त्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी ठेवावी. कंद हाताळताना हातमोजे घातलेले बरे.

बाजारात कॅलाचे ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एक पांढरी, मोठ्या फुलाची, पाणथळ जागेत रमणारी. दुसरी रंगीत, म्हणजे पिवळी, गुलाबी, जांभळी, केशरी अशी, आटोपशीर उंचीची. ही रंगीत मंडळी संकरित आहेत. दोघींची मूळ जन्मभूमी आफ्रिकेचा दक्षिण भाग, पण स्वभाव वेगळे. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

थंडीत उकरण्याचा नियम आला कुठून?

युरोपात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात जमीन गोठते. कॅलाच्या पेशींत भरपूर पाणी असतं. तापमान शून्याखाली गेलं की पेशींच्या आजूबाजूला बर्फ तयार होतो, तो पेशीतलं पाणी बाहेर ओढतो, पेशीचं आवरण फाटतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट आणि लिबलिबीत दिसतात. पानं गेली तर कंदातून पुन्हा येतात. पण थंडी जमिनीत खोलवर उतरली आणि कंदच गोठला, तर संपलं.

म्हणून तिथले लोक पहिल्या गारठ्यात पानं काळवंडली की कंद काढतात, काही दिवस वाळवतात आणि कोरड्या भुशात घालून साधारण ५ ते १० अंश तापमानाच्या जागी वसंत ऋतूपर्यंत ठेवतात. न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ राहणाऱ्या मराठी कुटुंबाने कॅला लावली असेल, तर त्यांच्यासाठी हा नियम बहुतांशी बरोबर आहे.

महाराष्ट्रात अशी थंडी अजिबात नसते असं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची छायाचित्रं अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली घसरलाय. तिथले द्राक्ष बागायतदार मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. तिथे उघड्यावर कॅला असेल तर अशा रात्री कुंडी आडोशाला घेण्यात अर्थ आहे.

सोलापूर मात्र या यादीत बसत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचं, दख्खनच्या पठारावरचं, पर्जन्यछायेतलं हे शहर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा साधारण १४ ते १६ अंशांच्या आसपास असतो. एखाद्या लाटेत तो १० च्या जवळ येतो आणि लोक लगेच स्वेटर काढतात. दुपारी मात्र ३० अंश असतातच. परदेशात ज्याला कॅलासाठी चांगला उन्हाळा म्हणतात, तो हा आपला हिवाळा. ज्या शहराची चादर देशभर जाते, तिथल्या कॅलाला हिवाळ्यात पांघरूण लागत नाही.

खरा शत्रू इथे मे महिना आहे. पारा बऱ्याचदा ४० च्या वर असतो, काही दिवशी ४३-४४ पर्यंत जातो. गच्चीवरच्या सिमेंटचं आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंडीचं तापमान हवेपेक्षाही जास्त चढतं. त्या कुंडीत ओला कंद असेल तर तो अक्षरशः शिजतो.

मग तिच्या गावी ती कधी झोपते?

इथे गोष्ट खरी रंजक होते. पांढरी कॅला दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात मोठ्या प्रमाणावर आढळते. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. ओढ्याकाठी, दलदलीत, जिथे बारमाही पाणी आहे तिथे ती वर्षभर हिरवी राहते. जिथे उन्हाळ्यात जमीन वाळते तिथे पानं टाकून देते आणि कंदाच्या रूपात झोपी जाते, उन्हाळ्यात. पाऊस आला की उठते.

रंगीत कॅलाच्या पूर्वजांचं घर त्याच देशाच्या पूर्व आणि उत्तर बाजूला. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. त्यामुळे त्या हिवाळ्यात झोपतात.

एकाच घराण्यातल्या दोन बहिणी, एक उन्हाळ्यात झोपते, दुसरी हिवाळ्यात. दोघींत समान काय? दोघींची झोप कोरड्या महिन्यांत येते. गोठवणारी थंडी ही अट नव्हतीच. ती युरोपातल्या माळ्यांची अडचण होती आणि त्यांनी तिच्यावर काढलेला तोडगा पुढे सगळ्या जगाच्या पाकिटांवर छापला गेला.

ट्यूलिपचं तसं नाही. ट्यूलिपच्या कंदाला फुलायचं असेल तर काही आठवडे खरोखरच थंडी लागते, म्हणून गरम प्रदेशातले लोक तो फ्रिजमध्ये ठेवून लावतात. कॅलाला अशा थंडीची गरज नाही. तरीही ट्यूलिपची युक्ती कॅलावर चालवली जाते. फ्रिजच्या बंद पिशवीत कंदाला घाम सुटतो, ओल धरते आणि बाहेर काढेपर्यंत बुरशी आलेली असते.

निशिगंधाचं उदाहरण जवळचं आहे. तो मूळचा मेक्सिकोचा, थंडी न सोसणारा, आणि परदेशी पुस्तकांत त्याच्यासाठीही हीच सूचना असते की हिवाळ्याआधी कंद काढा. महाराष्ट्रातला एकही गुलछडी उत्पादक ते करत नाही. एकदा लावलेलं शेत तो तीन-तीन वर्षं ठेवतो आणि फुलं तोडत राहतो. इथल्या हवेने त्या पिकाचे नियम कधीच बदलून टाकले. कॅला नवी आहे, म्हणून अजून पाकीट वाचलं जातं.

सोलापूरला ‘ताण’ शिकवायची गरज नाही

झाडाला मुद्दाम झोपवणं ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यात कुणाला नवी नाही. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात डाळिंबाची बाग असणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तो याला ‘ताण देणं’ म्हणतो.

डाळिंब थंड प्रदेशात हिवाळ्यात आपोआप पानं गाळतं आणि विश्रांती घेतं. सोलापुरात तेवढी थंडी नाही, त्यामुळे झाडाला थांबायचा इशाराच मिळत नाही. ते वर्षभर थोडं थोडं फुलत, थोडं थोडं फळत राहतं आणि कुठलंच पीक धड हाती लागत नाही. म्हणून शेतकरी थंडीचं काम पाण्याकडून करून घेतो. पाणी तोडतो. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस बाग ताणावर सोडतो. पानं पिवळी पडतात, उरलेली इथ्रेल फवारून गाळली जातात, हलकी छाटणी होते, खत दिलं जातं आणि मग पाणी सोडलं की झाड एकदम नव्या फुटीने आणि फुलांनी उठतं. पाणी कधी सोडायचं यावर बहार ठरतो: आंबे बहार, मृग बहार की हस्त बहार. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापूरलगतच्या केगावात सुरू झालं, ते याच पिकाच्या जोरावर.

कॅलाला हेच तत्त्व लागू पडतं. थंडी नाही तर पाण्याचा ताण. फरक एवढाच की डाळिंबाला ताण देतात तो फुलं एकदम यावीत म्हणून, आणि कॅलाला द्यायचा तो मे महिन्यात कंद वाचावा म्हणून. फुलं हा पुढचा फायदा.

यात सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा आणखी एक मुद्दा दडलेला आहे. शहराला पाणी उजनीतून येतं आणि वर्षानुवर्षं ते रोज आलेलं नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर पिंप, टाक्या, कळश्या भरून घरं चालवलेली आहेत. एप्रिल-मेमध्ये प्यायच्या पाण्याची ओढाताण असताना एका शोभेच्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घालताना हात आखडतोच. त्यात ते झाड पाणी घालूनही पिवळंच पडत असेल तर आणखी. ताणावर सोडलेल्या कॅलाला या दोन महिन्यांत जवळजवळ पाणी लागत नाही. ज्या काळात आपल्याकडे पाणी नसतं, त्याच काळात तिला ते नको असतं, असं वेळापत्रक बसवता येतं.

वर्षाचं गणित कसं बसवायचं?

सुरुवात हस्त नक्षत्राच्या सुमाराला करावी, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. सोलापुरात पावसाचा जोर बऱ्याचदा जून-जुलैपेक्षा सप्टेंबरात असतो. तो ओसरू द्यावा. कंद सप्टेंबरच्या सुरुवातीला लावून तो आठवडाभर पाण्यात बसला तर पुढचं सगळं वाचन फुकट जाईल.

माती हा सोलापूरचा दुसरा पेच. इथली काळी माती ज्वारीला वरदान आहे, कारण ती ओल धरून ठेवते. कॅलाच्या कुंडीत तोच गुण अवगुण ठरतो. ओली झाली की फुगते, पाण्याला वाट देत नाही. वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. त्यामुळे कुंडीत काळी माती शक्यतो नको, घातलीच तर मूठभर. लाल माती, जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू किंवा विटांचा चुरा असं मिश्रण बरं. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवायला विसरू नये.

कंद डोळे वर करून, साधारण तीन-चार बोटं खोल लावावा. डोळा म्हणजे उसाच्या बेण्यावर असतो तसाच उंचवटा. पहिलं पाणी बेताचं द्यावं, माती ओलसर होईल इतकंच. अंकुर दिसेपर्यंत कंदाला मुळंच नसतात, तो पाणी पिणार कशाने? इथे घाईने घातलेलं पाणी हे कंद सडण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं. पान उलगडलं की पाणी वाढवावं. पुढे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी हे तिचे सुगीचे महिने. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली अशी पूर्वेकडची जागा उत्तम. रंगीत कॅला लावल्यापासून साधारण दोन ते तीन महिन्यांत फुलते, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या आगेमागे, जानेवारीत, कुंडीत फूल असण्याची चांगली शक्यता असते.

फुलं संपल्यावर बहुतेकांचा रस संपतो. खरं तर पुढच्या वर्षीचं फूल याच वेळी तयार होत असतं. हिरवी पानं जे अन्न बनवतात ते खाली कंदात साठतं. त्यामुळे फुलाचा वाळका दांडा कापला तरी हिरवं पान एकही कापायचं नाही. फेब्रुवारीत पालाशयुक्त खत थोडं द्यावं. युरियासारखं नत्र मात्र आवरतं घ्यावं. त्याने पानं लुसलुशीत होतात, कंद मऊ राहतो आणि सड लवकर धरते.

मार्चमध्ये, होळीनंतर ऊन तापायला लागलं की पानांच्या कडा पिवळ्या पडू लागतात. इथे बहुतेक जण घाबरतात आणि पाणी वाढवतात. करायचं नेमकं उलट. पाणी एक दिवसाआड, मग तीन दिवसांआड, मग आठवड्यातून एकदा, असं तोडत न्यावं. पाडव्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पानं पूर्ण वाळतात. ती ओढू नयेत, हलक्या हाताने निघाली तरच काढावीत.

आता कुंडीत फक्त कोरडी माती दिसते. आणि इथेच सोलापुरातल्या अर्ध्याअधिक कॅला मरतात, कचऱ्याच्या गाडीत. झाड मेलं असं समजून माती ओतून टाकली जाते आणि कुंडीत तुळस किंवा गुलाब लागतो. कुंडीवर खडूने ‘कंद आहे’ असं लिहून ठेवायला काही खर्च येत नाही. घरात मोलकरीण, सासू, भाऊ, कोणीही साफसफाई करत असेल तर हे लिहिलेलं फार उपयोगी पडतं.

उकरायचं की कुंडीतच ठेवायचं?

सोलापुरात कुंडीतच ठेवणं अधिक सोयीचं. उकरताना कंदाला खुरपं लागतं, साल निघते आणि त्याच जखमेतून रोग शिरतो. कुंडी गच्चीवरून खाली आणावी. जिन्याखाली, उत्तरेच्या भिंतीलगत, जिथे ऊन येत नाही पण वारा खेळतो अशा जागी ठेवावी. जुन्या माळवदाच्या घरात राहणाऱ्यांना हा प्रश्नच नाही, जाड मातीच्या छताखालची कुठलीही खोली चालते. आजीच्या काळात ज्वारी ज्या बळदात ठेवायचे त्याला जे हवं असे तेच इथेही हवं: अंधार, कोरडेपणा आणि थोडा गारवा.

पूर्ण कोरडं म्हणजे किती कोरडं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. परदेशात ७-८ अंशांत ठेवलेला कंद सहा महिने कोरडा राहिला तरी फारसा आटत नाही. इथे सावलीतही मे महिन्यात ३४-३५ अंश असतात, कंद हळूहळू सुकत जातो. म्हणून वीस-पंचवीस दिवसांनी कुंडीच्या कडेने अर्धी वाटी पाणी फिरवावं. माती ओली होऊ नये, तिचा अगदीच धुरळा होऊ नये, एवढाच हेतू.

कंद बाहेर काढायचाच असेल, कारण कुंडी फुटली आहे किंवा घर बदलायचं आहे, तर माती पूर्ण वाळल्यावर काढावा. धुवू नये. सावलीत कागदावर चार-पाच दिवस पसरून ठेवावा, वरची साल कोरडी खडखडीत होऊ द्यावी. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडं कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा घालून, एक कंद दुसऱ्याला टेकणार नाही असे ठेवावेत. प्लास्टिकची पिशवी नको, हवाबंद डबा तर नकोच. महिन्यातून एकदा हात घालून पाहावं. कंद टणक लागला तर उत्तम. थोडा सुरकुतला असेल तर भुशावर पाण्याचा हलका शिडकावा पुरे. मऊ लागला आणि वास आला, तर तो ताबडतोब बाहेर काढावा.

वास येतो तो कशाचा?

कॅलाचा जगभरातला पहिल्या क्रमांकाचा रोग म्हणजे मऊ कूज. न्यूझीलंडसारख्या देशात, जिथे रंगीत कॅला निर्यातीसाठी पिकवली जाते, तिथेही शेतकऱ्यांची झोप उडवणारा हाच. कंद आतून दह्यासारखा मऊ होतो, पान बुडापासून कोलमडतं आणि घाण वास सुटतो. यामागे पेक्टोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो. बटाटा सडतो त्यामागेही बऱ्याचदा हाच असतो.

नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, तो जिवाणू आहे एवढं राहिलं पाहिजे. कारण दुकानातून आणलेली बुरशीनाशक पावडर लोक मोठ्या भक्तिभावाने कंदाला चोळतात, आणि जिवाणूवर तिचा काही परिणाम होत नाही. हा जिवाणू जखमेतून शिरतो आणि त्याला उष्णता व ओल दोन्ही एकत्र लागतात. सोलापूरची उष्णता आपल्या हातात नाही. ओल आणि जखम मात्र आहे. उन्हाळ्यात कोरडं ठेवणं हा म्हणूनच या रोगावरचा मुख्य इलाज आहे. सडलेल्या कंदाची माती दुसऱ्या कॅलाच्या कुंडीत घालू नये आणि तो कापलेली सुरी धुतल्याशिवाय दुसऱ्या कंदाला लावू नये.

जून ते सप्टेंबर या काळात आणखी एक प्रसंग येतो. पहिल्या वळवाने हवा गार होते आणि कंदाला वाटतं, आपली वेळ झाली. जुलै-ऑगस्टमध्ये अंकुर वर आला तर त्याला जबरदस्तीने झोपवायचा प्रयत्न करू नये. कुंडी उजेडात घ्यावी, पण पावसाची थेट धार लागणार नाही अशा छपराखाली ठेवावी आणि बेताने पाणी सुरू करावं. फुलं थोडी लवकर येतील इतकंच.

आणि पांढरी?

पांढऱ्या कॅलाला वाढीच्या काळात रंगीतपेक्षा कितीतरी जास्त पाणी चालतं, कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवली तरी ती खूश असते. निलगिरीतल्या गार पाणथळ जागांत तर ती इतकी रुजली आहे की उपद्रवी ठरली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ती अधिकृतपणे तण आहे. हिमाचलसारख्या गार राज्यांत कॅलाची फुलशेती होते, ती तिथल्या हवेमुळे. सोलापुरात ती तण होण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

इथे तिच्यासाठी दोन वाटा आहेत. घरात सांडपाण्याचा निचरा होणारी, दिवसभर सावलीची, कायम ओलसर जागा असेल, म्हणजे जिथे एरवी अळू येतं तशी, तर तिला उन्हाळाभर जागंच ठेवून पाहता येतं. पानं बारीक होतील, कडा करपतील, पण मृग लागला की ती सावरते. मात्र त्या पाण्यात साबण आणि धुण्याची पावडर फार असेल तर नको. अशी जागा नसेल तर सरळ केपची वाट धरावी: मार्चअखेर पाणी तोडावं आणि रंगीतसारखंच झोपवून टाकावं. अर्धवट ओलं ठेवलेलं, गच्चीवरच्या उन्हात धडपडणारं झाड ही तिसरी वाट, आणि तीच सगळ्यात जास्त चोखाळली जाते.

नवे कंद ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ते बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रीला येतात, कारण थंड प्रदेशांत तेव्हा लागवड असते. सोलापुरात तेव्हा लावू नयेत. टणक, जड, न सुरकुतलेले कंद निवडून घ्यावेत, आल्या आल्या पाकीट फोडून हवा लागू द्यावी आणि भुशात घालून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवावेत. त्यातले एखाद-दोन सप्टेंबरपर्यंत सुकतील. बाकीचे हस्ताच्या सुमाराला लावता येतात.